आरएफआयडी संदेश-स्वरूपांची जुळणी व चाचणी

आरएफआयडी म्हणजे वस्तूवर लावलेला टॅग रेडिओ लहरींनी वाचण्याचे तंत्र. त्यातल्या रीडरला टॅगवरचा क्रमांक तेवढा दिसतो. ईआरपी (कंपनीचा एकूण कारभार सांभाळणारी प्रणाली) किंवा गोदाम व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरला मात्र कोणता माल, कुठे आणि कधी आला हे हवे असते. रीडरकडून निघालेल्या संदेशातले कोणते फील्ड पुढच्या प्रणालीत कुठे आणि कोणत्या रूपात पडेल हे ठरवणे म्हणजे जुळणी. अर्थ शाबूत पोहोचला का हे पाहणे म्हणजे चाचणी. संदेश अडला तर निदान लक्षात तरी येते. तो बिनतक्रार स्वीकारला जाऊन चुकीचा वाचला गेला, तर साठ्याच्या नोंदी हळूहळू बिघडत जातात. म्हणून चाचणीचा सगळा रोख या दुसऱ्या प्रकारच्या चुकीवर हवा.

रीडर आणि मिडलवेअर (रीडर व उद्योग-प्रणाली यांच्यामधले सॉफ्टवेअर) यांच्यातला प्रमाण प्रोटोकॉल म्हणजे एलएलआरपी. ईपीसीग्लोबल या आरएफआयडीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने तो २००७ मध्ये मंजूर केला. त्याचे संदेश बायनरी असतात: आधी आवृत्ती, प्रकार, लांबी व संदेश-क्रमांक सांगणारे १० बाइटांचे शीर्ष, मग माहिती. त्याच्यासाठी टीसीपी पोर्ट ५०८४ ठरलेला आहे, टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) असेल तर ५०८५. एकच टॅग सेकंदाला अनेकदा वाचला जातो, त्यामुळे मिडलवेअर पुनरावृत्ती गाळते. या कामाचे मानक एएलई. उद्योग-प्रणालीकडे जाणारी घटना ईपीसीआयएस या घटना-नोंदीच्या मानकात मांडतात. काय, कुठे, कधी आणि का, असे तिचे मूळ चार भाग. २०२२ च्या २.० आवृत्तीपासून एक्सएमएलच्या जोडीला जेसन हे मजकूर-स्वरूपही चालते. याखेरीज एमक्यूटीटी या हलक्या संदेश-प्रोटोकॉलवरून आपल्याच घडणीचे जेसन पाठवणारे रीडर पुष्कळ आहेत, आणि तिथे फील्डांची नावे उत्पादकागणिक बदलतात.

टॅगवरच्या क्रमांकाचे एक प्रचलित रूप एसजीटिन-९६. त्याचे ९६ बिट षोडशमान पद्धतीत २४ अंकांत लिहितात आणि सुरुवात ३० ने होते. पुढे फिल्टर (सुटी वस्तू की खोके यासारखा प्रकार), पार्टिशन (पुढच्या दोन भागांची लांबी), कंपनी प्रीफिक्स (कंपनीला दिलेला क्रमांक), वस्तू-क्रमांक आणि ३८ बिटांचा अनुक्रमांक. मानकाच्या उदाहरणांत नेहमी दिसणारा टॅग घ्या: प्रीफिक्स ०६१४१४१, वस्तू-क्रमांक ८१२३४५, अनुक्रमांक ६७८९. प्रीफिक्स सात अंकी आहे हे पार्टिशनच्या ५ या मूल्यावरून कळते. डेटाबेसने तो संख्या म्हणून साठवला की सुरुवातीचे शून्य गळते, उरते ६१४१४१, आणि ते दिसायला अगदी बिनचूक असते. अनुक्रमांकाचे दुखणे निराळे. ६७८९ वर सगळे सुरळीत चालते. पण ३८ बिटांत २,७४,८७,७९,०६,९४३ पर्यंतचा आकडा मावतो आणि ३२ बिटांच्या फील्डमध्ये तो बसत नाही. नमुन्याचा टॅग छोट्या आकड्याचा घेतला तर ही चूक चाचणीत कधीच सापडणार नाही.

एलएलआरपीचे स्वतःचे बारकावेही असेच फसवे आहेत. ९६ बिटांच्या ईपीसीसाठी (टॅगवरच्या ओळख-क्रमांकासाठी) एक आखूड मांडणी आहे, इतर लांबीच्या ईपीसीसाठी दुसरी. पहिलीच ओळखणारा पार्सर (संदेश उलगडणारा कोड) १२८ बिटांचा टॅग आला की अडखळतो. सिग्नलची ताकद चिन्हासह एका बाइटात येते. तो बाइट चिन्हाविना वाचला तर उणे ६० चे १९६ होतात, आणि 'जवळचा टॅग निवडा' हा नियम भलत्याच टॅगवर लागतो. वेळ १९७० पासूनच्या मायक्रोसेकंदांत, यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) येते. पण घड्याळ नसलेला रीडर स्वतः सुरू झाल्यापासूनचा काळ देतो. हे दोन प्रकार एक मानले तर आजची नोंद जानेवारी १९७० मध्ये जाऊन बसते. ईपीसीआयएसमध्ये वेळेसोबत टाइमझोनचा फरक सक्तीचा आहे, त्यामुळे तो कुठून भरायचा हे जुळणीतच ठरवावे लागते.

सिम्युलेटरने सुरुवात करणे सोयीचे, पण तो बहुधा नीटनेटके, पूर्ण संदेश पाठवतो. प्रत्यक्षात टीसीपीवर एक संदेश दोन तुकड्यांत येतो किंवा दोन संदेश चिकटून येतात. लांबीचे फील्ड पाहून ते सोडवणारा कोडच टिकतो. अँटेना-क्रमांकासारखी फील्डे अहवालात ऐच्छिक असल्याने ती गाळूनही संदेश पाठवून पाहावे. केबल काढून जोडल्यावर अडकलेले संदेश दोनदा पोहोचतात का, आणि पोहोचलेच तर साठा दुप्पट होतो का, हे प्रत्यक्ष मोजावे. खऱ्या रीडरचे कच्चे बाइट आणि त्यांतून अपेक्षित घटना जोडीने साठवून ठेवावी, कारण फर्मवेअर बदलल्यावर हाच संच पुन्हा चालवून तुलना करता येते.