बांगडो बाधलो, म्हणजे नेमकं काय झालं?

"कल्ले बघ रे आधी, मगे दर इचार," असं म्हणत आत्येने मला वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगडा घ्यायला शिकवलं. कल्ला लाल हवा, डोळा फुगीर हवा, बोटाने दाबल्यावर खळगा राहता कामा नये. या सगळ्यानंतर शेवटचा शब्द नाकाचा. तिच्या नाकावर आमच्या घरात कुणी कधी शंका घेतली नाही. तरीही एका मे महिन्यात, या सगळ्या परीक्षांत पास झालेला बांगडा जेवून तासाभरात आम्हा तिघांच्या अंगावर पित्त उठलं. तोंडं लालबुंद, डोकं ठणकतंय, सर्वांगाला खाज. आमसुलं कोळून अंगाला लावली गेली, "बांगडो बाधलो" असा निकाल लागला आणि विषय मिटला.

मला तो निकाल पटायला बरीच वर्षं जावी लागली. बांगडा, कुप्पा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. त्याचा आपल्याला काही त्रास नाही. पण मासा बर्फाविना उन्हात पडून राहिला की त्यावर वाढणारे काही जिवाणू हिस्टिडिनच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइडचा तुकडा काढून टाकतात आणि उरतं हिस्टामिन. अंगावर पित्त उठतं तेव्हा आपल्याच पेशी जे सोडतात, तेच हे हिस्टामिन. इथे ते ताटातून आत आलेलं असतं, म्हणून सगळं ॲलर्जीसारखं दिसतं. प्रत्यक्षात ती ॲलर्जी नसते. त्याच माणसाने पुढच्या आठवड्यात ताजा बांगडा खाल्ला तर काहीही होत नाही.

बरं, हे हिस्टामिन नाकाला कळत नाही. शिळ्या मासळीचा जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमिनचा. मोरीचा, म्हणजे छोट्या शार्क माशाचा, डोळ्यांत जाणारा वास अमोनियाचा, कारण मोरीच्या अंगात युरिया मुरलेला असतो आणि जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हे दोन्ही उडून नाकापर्यंत येतात. हिस्टामिन मांसातच बसून राहतं आणि वास सुटण्याच्या आधीही त्रास देण्याइतकं साठू शकतं. तळलं, उकळलं तरी ते मोडत नाही. एकदा तयार झाल्यावर मासा बर्फात ठेवूनही जात नाही. कोकम किंवा लिंबू लावल्यावर वास कमी होतो हे खरं, कारण आम्लामुळे अमिनचं क्षार बनतं आणि ते उडेनासं होतं. म्हणजे सोलं घालून आपण नाक गप्प करतो. हिस्टामिन जिथल्या तिथे.

मग एकच रेणू ओळखणारं, त्याच्याच जवळच्या भावंडाला न फसणारं काही करता येईल का? यावर जगभरच्या प्रयोगशाळा ज्या वाटेने चालल्या आहेत, तिची सुरुवात एका स्वयंपाकघरात झाली.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या आग्नेस पोकेल्स यांना मुलगी म्हणून विद्यापीठाचं दार बंद होतं. घरची भांडी घासताना पाण्यावरचा तेलकट तवंग त्यांच्या डोळ्यांत भरला. त्यांनी पत्र्याची एक पन्हाळ पाण्याने भरली, तवंग एका बाजूला रेटण्यासाठी पट्टी टाकली आणि तवंग दाटत जाईल तसा पाण्याचा पृष्ठताण कसा बदलतो ते मोजलं. पट्टी सरकत असताना बराच वेळ काहीच होत नाही, आणि एका ठरावीक क्षेत्रफळाला ताण अचानक उतरायला लागतो. त्यांनी हे सगळं इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवलं. रॅले यांनी ते १८९१ साली 'नेचर'मध्ये छापून आणलं. माशाची ताटं घासताना मोरीत (ही धुण्याची मोरी, खाण्याची नव्हे) रोज हाच तवंग आपण बघतो आणि नळ सोडून देतो.

तवंग किती पातळ? बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. त्यांचा हा लेख १७७४ सालचा. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर तेल धरलं आणि ते तेवढ्या जागेवर पसरलं, तर जाडी येते सुमारे अडीच नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. तेलाचा रेणूही साधारण तेवढाच लांब असतो. फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. केला असता तर रेणूची लांबी त्यांच्या हाती आली असती.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये हे चित्र पक्कं केलं. मेदाम्लाचे रेणू पाण्यावर उभे राहतात, डोकं पाण्यात, शेपूट हवेत. शेपूट आखूड असो की लांब, प्रत्येकाला जागा तेवढीच लागते. गणपतीला कोकणात येणाऱ्या एसटीत उभं राहणाऱ्यांची उंची कितीही असली तरी पावलांपुरती जागा प्रत्येकाला सारखीच लागते, तसं. पुढे त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी हा उभा थर पाण्यावरून काचेवर उतरवला. शाळेत पाण्यावर ऑइल पेंट सोडून त्यात कागद बुडवून नक्षी उचलतो, जवळजवळ तीच कृती, फक्त रेणूंची रांग न मोडता. पुन्हा बुडवलं की आणखी एक पदर. १९३८ मध्ये त्यांनी काचेवर असे ४४ पदर चढवून जवळजवळ चकाकी नसलेली काच करून दाखवली.

आता या पापुद्र्याला तराजूवर ठेवायचं. दशावतारातला पखवाज आठवा. डाव्या पुडीला ओली कणीक लावली की पुडी जड होते आणि सूर खाली येतो. क्वार्ट्झच्या चकतीचंही असंच आहे. दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा देऊन वीज खेळवली की जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर जाडीची चकती सेकंदाला ५० लाख वेळा थरथरते. अंगावर काही बसलं की कंपनं घटतात. किती बसल्यावर किती घटतात याचं गणित गुंटर साउअरब्रे यांनी १९५९ मध्ये मांडलं. चौरस सेंटिमीटरला सुमारे १८ नॅनोग्रॅम वजन वाढलं की सेकंदाला एक कंपन कमी. स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे साबणात असतं त्या मेदाम्लाचा, एकच पदर चढवला तर वजन भरतं सुमारे २४० नॅनोग्रॅम. म्हणजे १३ कंपनं कमी. पन्नास लाखांतली तेरा, आणि तीही बिनचूक मोजता येतात.

पण हे झालं वजन. पखवाजाला कणीक कोणत्या गव्हाची आहे ते कळत नाही. रेणू ओळखायचं काम चकतीवरच्या पापुद्र्याला करावं लागतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो त्यासाठीचा साचा. ओल्या वाळूत तिसरी, म्हणजे खायची शिंपली, दाबून अलगद उचलली की तिच्या रेघांसकट खळगा उरतो. इथे वाळूऐवजी मेथाक्रिलिक आम्लासारखे छोटे रेणू घेतात आणि त्यात हिस्टामिन मिसळतात. आम्लाचे गट हिस्टामिनच्या अमिनभोवती आपसूक गोळा होतात. मग सगळ्यांना एकमेकांत गुंफून त्याचं घट्ट प्लास्टिक करायचं आणि आतलं हिस्टामिन धुऊन काढायचं. उरलेल्या खळग्यात आकार तर असतोच, शिवाय रेणूला धरून ठेवणारे आम्लाचे हातही योग्य जागी असतात. वाळूतल्या तिसरीच्या खळग्याला तेवढं जमत नाही.

खरी कसोटी हिस्टिडिनची. बांगड्याच्या रसात ते रग्गड, आणि हिस्टामिनपासून त्याचा फरक फक्त त्या तोडलेल्या तुकड्याचा. मूळ अंगकाठी तीच, एक जादा आम्लगट लटकलेला. तो खळग्यात नीट मावत नाही आणि साच्यातल्या आम्लगटांशी त्याचं जमतही नाही. यावरच सगळी भिस्त.

पापुद्रा पातळच का हवा? लोणच्याच्या फोडी बघा. बारीक फोडीत मीठ लगेच मुरतं, जाड फोड आठवडाभर मधे कोरीच राहते. रेणू आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दहापट जाड थराला शंभरपट वेळ. पण अगदी एकपदरी थर केला तर खळगेच मोजके, सूर उतरणार तोही जेमतेम. त्यामुळे पातळ म्हणजे किती पातळ हा वाद प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या परीने सोडवते.

आपल्याकडे मात्र या वादाच्या आधी जुलै महिना येतो. डब्यातला पापड जिथे सादळतो, मिठाला पाणी सुटतं, तिथे चकतीवरचा पापुद्राही हवेतली वाफ पितो. वासावर चालणाऱ्या, ट्रायमिथाइलअमिन हुंगणाऱ्या चकत्यांना हे फार जाचतं. वासाच्या एका रेणूमागे पाण्याचे असंख्य रेणू अंगावर बसतात आणि सूर उतरतो तो पावसामुळे, माशामुळे नव्हे. त्यावर उतारा म्हणजे चकत्यांची जोडी. एकीवर साच्याचा पापुद्रा, दुसरीवर तेच प्लास्टिक पण खळगे न पाडलेलं. वाफ दोघींवर जवळपास सारखीच बसते. दोन सुरांतला फरक तेवढा धरायचा.

गोव्यात २०१८ साली मासळी टिकवायला फॉर्मालिन हे विषारी रसायन लावल्याच्या संशयावरून गदारोळ झाला, तेव्हा कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या कागदी पट्ट्यांची बरीच चर्चा झाली. माशावर घासायची, थेंब टाकायचा, रंग बघायचा. फॉर्मालिन आणि अमोनियासाठी त्या चालतात, आणि बाजारात चालायचं तर इतकंच सोपं हवं. हिस्टामिनच्या साच्याला अजून तिथवर यायचंय. त्याची अडचण त्याच्या गुणातच आहे. खळगा जितका नेमका, तितका रेणू आत घट्ट बसतो आणि बाहेर निघायला कुरकुरतो. पुढचा मासा तपासायच्या आधी चकती आम्लाने धुवावी लागते, सूर पुन्हा जागेवर यायची वाट बघावी लागते. हर्णै बंदरात संध्याकाळी लिलाव लागतो तेव्हा बोली बघता बघता चढते आणि ढीग उचललाही जातो.

आत्येला मी हे सगळं एकदा सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बर्फ किती लागतलो, ता सांगता काय तुझा मशीन?"

सांगत नाही. पण हिस्टामिन तयार करणारे बहुतेक जिवाणू चार अंश सेल्सिअसच्या खाली फारसे वाढत नाहीत. होडीत जाळं ओढल्याबरोबर बर्फ पडला, तर साच्यात अडकायला फारसं हिस्टामिनच उरणार नाही.