तो तर बोलून राहिला होता ना सिस्टर

रात्रीचे दीड वाजले असतील. स्ट्रेचरवर पंचविशीच्या आतला पोट्टा आणि मागे धावत आलेला त्याचा मोठा भाऊ. रिंग रोडवर गाडी स्लिप झाली, हेल्मेट हँडलला लटकवलेलं, डोकं डिव्हायडरला लागलं, एखाद मिनिट शुद्ध हरपली, मग हा स्वतःच उठला, पाणी प्यायला, घरी फोन केला आणि काही नाही झालं म्हणत मित्राच्या मागे बसून घरी गेला. साडेअकराला झोपला. एक वाजता भाऊ बघायला गेला तर घोरत होता, पण ते घोरणं काही वेगळंच होतं, आणि हलवलं तर उठेना. भाऊ मला एकच गोष्ट परत परत विचारत होता, "तो तर बोलून राहिला होता ना सिस्टर, मग आता काऊन उठत नाही?"

नागपुरात कॅज्युअल्टीत काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आज नीट बसून उत्तर लिहायचं ठरवलं.

कानाच्या थोडं वर आणि पुढे, कानशिलाजवळ, आपल्या कवटीचं हाड बरंच पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटून एक रक्तवाहिनी जाते. तिथे मार बसून हाडाला तडा गेला की ती वाहिनी फाटू शकते आणि कवटी आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचायला लागतं, याला एपिड्युरल हिमॅटोमा म्हणतात. पहिल्या धक्क्याने गेलेली शुद्ध परत येते, माणूस बोलतो, चालतो, आणि तेवढ्या वेळात आत रक्त जमत असतं. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडली, ठीक वाटत होतं म्हणून आलेली पहिली अँब्युलन्स परत पाठवली गेली, आणि दोन दिवसांनी ती गेली. तिलाही हेच झालं होतं.

कवटी म्हणजे बंद डबा आहे. आत मेंदू, थोडं रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. चौथं काही आत शिरलं तर आधी पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, त्यामुळे बराच वेळ काहीच कळत नाही, पण ती सोय संपली की पुढचं थोडंसं रक्तसुद्धा आतला दाब झपाट्याने वाढवतं. म्हणून असे पेशंट बरेचदा हळूहळू बिघडत नाहीत, बराच वेळ बरे दिसतात आणि मग झपाट्याने कोसळतात.

आता शुद्धीबद्दल. आपण जागे राहतो ते मेंदूच्या खोडातल्या, म्हणजे मेंदूच्या खालच्या, मानेकडे जाणाऱ्या भागातल्या एका जाळ्यामुळे, १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून या दोन शास्त्रज्ञांनी प्राण्यांवर हे दाखवलं होतं. हे जाळं वरच्या दोन्ही अर्ध्या मेंदूंना सतत जागं ठेवतं. त्यामुळे एका बाजूला मोठा मार लागूनही माणूस टक्क जागा असू शकतो, आणि खोडावर थोडा दाब आला तरी झोपल्यासारखा होतो. त्या पोट्ट्याची डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी होती आणि टॉर्च मारल्यावर लहान होत नव्हती, म्हणजे मेंदू खाली सरकून डोळ्याकडे जाणारी नस दाबून राहिला होता. सीटीच्या आधीच न्यूरोसर्जनला फोन गेला.

त्या फोनवर "पेशंट एकदम सुस्त आहे" असं सांगून चालत नाही. सुस्त, गुंगीत, ग्लानीत, अर्धवट शुद्धीत, हे शब्द प्रत्येकजण आपापल्या मापाने वापरतो. इंग्रजीतही पूर्वी हाच घोळ होता, तो मिटवायला ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक साधी पट्टी मांडली, तीच ग्लासगो कोमा स्केल, आमच्या भाषेत जीसीएस. डोळे, बोलणं आणि हालचाल, या तीनच गोष्टी बघायच्या. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, म्हणजे पूर्ण शुद्धीत १५ आणि सगळ्यात कमी ३. शून्य नाहीच. ८ किंवा त्याखाली गेला की मार गंभीर धरतात आणि श्वासासाठी नळी घालायचा विचार लगेच सुरू होतो.

हे करताना नातेवाईक आमच्यावर सगळ्यात जास्त चिडतात, म्हणून जरा तपशिलात सांगते. मी आधी काही न करता नुसती बघते, डोळे आपोआप उघडे आहेत का. मग नावाने हाक, मग मोठ्याने हाक. तरी नाही उघडले तर नखाच्या बाजूला पेन ठेवून दाब द्यायचा, हळूहळू वाढवत दहा सेकंदांपर्यंत. इथे मागून आवाज येतो, "मारता काऊन त्याला?" मारत नाही हो. मग खांद्याचा स्नायू बोटांत धरून दाबायचा किंवा भुवईच्या खाचेत अंगठा दाबायचा आणि हात काय करतो ते बघायचं. हात गळ्याच्या हाडाच्या वर येऊन माझा हात बाजूला करायला गेला तर ५, म्हणजे कुठे दुखतंय ते त्या मेंदूला कळतंय. नुसता कोपरात वाकला तर ४. हात छातीवर विचित्र वळून येतो तो ३. आणि कोपर ताठ होऊन हात आत पिळवटत गेला तर २, तो हात एकदा बघितला की विसरता येत नाही. सांगितलेलं केलं तर ६, पण ते बघायला नुसतं "हात दाबा" म्हणणं पुरत नाही, तळहातात बोट ठेवलं की कधीकधी मूठ आपोआप मिटते. म्हणून मी "दाबा, आता सोडा" म्हणते, किंवा जीभ बाहेर काढायला सांगते.

बोलण्यातही असंच. एका काकांना मी विचारलं आपण कुठे आहोत, ते स्पष्ट शब्दांत म्हणाले, "बर्डीवर, बस येऊनच राहिली." बर्डी म्हणजे इथला सीताबर्डीचा बाजार. वाक्य बरोबर, व्याकरण बरोबर, पण त्यांना स्थळाचं भान नव्हतं म्हणून ५ पैकी ४. घरच्यांना ते अगदी ठणठणीत वाटत होते.

आणि बेरीज सांगू नये, तिन्ही आकडे वेगळे सांगावे, असं आता शिकवतात. तोंडात नळी असलेला माणूस बोलूच शकत नाही, डोळे सुजलेला उघडू शकत नाही, तिथे १, म्हणजे काहीच प्रतिसाद नाही, असं लिहिलं तर ते खोटं ठरतं, तपासता आलं नाही असंच लिहायचं.

माझी खरी चिडचिड होते ती "प्यायलाय, झोपू द्या" या वाक्यावर. वास येतोय म्हणजे डोक्याला लागलं नाही असं थोडीच आहे, उलट प्यायलेला माणूस जास्त पडतो, आणि दारूमुळे रक्तातली साखरही खाली जाऊ शकते. बेशुद्ध आलेल्या प्रत्येकाची साखर आम्ही पहिल्या काही मिनिटांत बघतो, कारण नुसत्या ग्लुकोजने उठून बसणारा पेशंट आणि कवटी उघडावी लागणारा पेशंट बाहेरून सारखेच दिसू शकतात. मे महिन्यात तर पारा ४५ च्या वर, उन्हातून आलेला बरळणारा माणूस आणि अंगाचं तापमान ४० च्या पुढे, तो उष्माघात, तिथे आधी गार करायचं. कापसावर फवारणी करून आलेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात आणि तोंडातून लाळ गळत असते, ती कीटकनाशकाची विषबाधा. म्हाताऱ्या माणसांचं अजून वेगळं, बाथरूममध्ये पडून तीन आठवडे झाले आणि आता आजी सगळं विसरून राहिली म्हणून आणतात, वय झालं म्हणून सोडून दिलेलं असतं, आणि सीटीत शिरेतून झिरपलेलं जुनं रक्त दिसतं.

एक गोष्ट मात्र मला या आकड्यांपेक्षाही महत्त्वाची वाटते. जीसीएस प्रतिसाद मोजतं, आतली जाणीव मोजत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार चावते, तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात, पापण्यासुद्धा उचलत नाहीत, जीसीएस ३ येतं, कधी बाहुल्याही हलत नाहीत, आणि आत तो माणूस सगळं ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटरवर राहून असे पेशंट बरे होतात. मेंदूच्या दुखापतीतही असं सापडलंय. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या टीमने काहीच प्रतिसाद नसलेल्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये टेनिस खेळत असल्याची कल्पना करायला सांगितलं आणि तिच्या मेंदूचा तोच भाग उजळला जो निरोगी माणसात उजळतो. २०२४ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात सांगितलेली हालचाल करू न शकणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूत असा प्रतिसाद दिसला. म्हणून बेडजवळ उभं राहून "हा काही वाचत नाही" असं बोलू नका, मी ज्युनियर पोरींनाही बोलू देत नाही. हात लावायच्या आधी नाव घेऊन सांगायचं, दादा, आता तुमच्या डोळ्यात टॉर्च मारते.

घरी काय करायचं हे लोक विचारतात. डोक्याला मार लागून शुद्ध गेली, उलट्या झाल्या, झटका आला, कानानाकातून पाणी किंवा रक्त आलं, डोकं वाढतंच दुखतंय, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तर बोलत असला तरी दवाखान्यात आणा, १०८ ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवत बसू नका, मानेला पिळ न देता एका कुशीवर करा. रस्त्यावर उचलायला घाबरू नका, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीसुद्धा नाही. आणि झोपल्याने रक्तस्राव वाढतो हे खरं नाही, पण झोपलेला माणूस बिघडतोय हे कुणाला दिसत नाही एवढंच. वॉर्डात आम्ही दर अर्ध्या तासाने उठवतो ते उगाच नाही.

त्या पोट्ट्याचं ऑपरेशन पहाटे झालं, तो वाचला, पण उजवा हात पूर्ण चालायला कित्येक महिने लागले. भावाला त्या रात्री डॉक्टरांनी विचारलं शेवटचं नीट कधी बोलला, तर त्याला आठवेना.

त्यानंतर काही दिवसांनी काटोलकडून एक काकू नवऱ्याला घेऊन आल्या, ते बैलगाडीवरून पडले होते. काकूंच्या हातात किराण्याच्या यादीचा कागद होता, मागच्या बाजूला लिहिलेलं: सव्वाआठ, पडले. साडेआठ, माझं नाव घेतलं. नऊ, उलटी. सव्वानऊ, मला आई म्हणाले. साडेनऊ, नुसतं हूं. डॉक्टरांनी तो कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला आणि स्ट्रेचर सरळ सीटीकडे वळवायला सांगितलं. केसपेपरला मी तो कागद टाचणी लावून जोडला, एका बाजूला वेळा आणि दुसऱ्या बाजूला तूरडाळ दोन किलो, गूळ, चहापत्ती.