रेताड जमिनीतलं शर्कराबीट: खतांच्या मात्रेमागचा इतिहास

कोशिंबिरीला बीट चिरताना कधीतरी आत काळा, बुचासारखा कडक डाग निघतो. कीड समजून आपण तेवढा भाग काढून टाकतो. बऱ्याचदा ती कीड नसते, बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता असते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला बोरॉन काही नवा नाही. त्याची महती युरोपला मात्र याच बिटाच्या पांढऱ्या भावंडाने, शर्कराबिटाने, चांगलीच पटवून दिली.

बिटात उसाचीच साखर असते, हे बर्लिनच्या मारग्राफ या रसायनज्ञाने 1747 मध्ये दाखवलं. त्याचा शिष्य आखार्ड याने 1801 मध्ये सायलेशियात (आजच्या पोलंडमध्ये) बीट साखरेचा कारखाना काढला, आणि पुढे इंग्रजांशी वैर धरलेल्या नेपोलियनने या पिकाला राजाश्रय दिला.

खतांची खरी गोष्ट जर्मनीतल्या श्टासफुर्टची. तिथे मिठाच्या खाणीत मिठावरचा कडू क्षारांचा थर निरुपयोगी म्हणून फेकून देत. गावातल्याच बीट साखर कारखान्यातला रसायनज्ञ आडोल्फ फ्रांक याने त्यातलं पोटॅश ओळखलं आणि 1861 मध्ये खताचा कारखाना उभारला. बीट पोटॅशचं खादाड, आणि रेताड जमिनीत चिकणमाती कमी असल्याने पोटॅश, मॅग्नेशियम धरून ठेवायला काही नसतं. आज आपल्या कृषी सेवा केंद्रात लाल पोटॅशची गोणी दिसते, त्या धंद्याचं मूळ या फेकलेल्या थरात आहे.

नत्राचं गणित मात्र ऊसवाल्याला चक्रावणारं. सुरू उसाला (हिवाळ्याच्या अखेरीस लावलेल्या) आपण हेक्टरी 250 किलो नत्र देतो. इंग्लंडात बिटाला साधारण 120 किलोवर थांबतात. जास्त दिलं तर पाला माजतो, कंदातली साखर घटते, आणि रसातल्या नत्रयुक्त घटकांमुळे साखरेचे दाणे न पडता ती मळीत जाते. रेताड रानात आणखी एक पंचाईत: एकदम टाकलेलं नत्र पावसाबरोबर मुळांखाली उतरतं. म्हणून थोडं पेरणीला, उरलेलं पानं चार-सहा असतानाच. उशीर झाला की पुन्हा पाल्याचं राज्य.

बोरॉनचा उलगडा 1931 चा. मधली कोवळी पानं काळी पडून मरत, मग कंद वरून सडत जाई. लोक रोगजंतू शोधत बसले होते; ब्रांडेनबुर्ग या शास्त्रज्ञाने हा बोरॉनचा अभाव असल्याचं दाखवलं. उपाय किरकोळ निघाला. हेक्टरी 20 किलो बोरॅक्स, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो बोरॉन.

सगळ्यात गमतीचं खत म्हणजे साधं मीठ. शर्कराबिटाचा रानटी पूर्वज समुद्रकाठचा, त्यामुळे मिठातला सोडियम त्याला मानवतो आणि पोटॅशची थोडी जागाही भरून काढतो. इंग्लंडात शेतकरी पेरणीआधी रानात मीठ टाकत आले. रेताड जमिनीत ते खपतं, कारण तिथे बिघडायला चिकणमातीच फारशी नसते. निफाड-येवल्याच्या काळ्या रानात हाच प्रयोग वर्षानुवर्षं केला, तर सोडियम साचून जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होऊन बसेल.