सर्वात कमी दराच्या ठेकेदारालाच काम द्यावं लागतं?

पुण्यात पावसाळ्यात रस्ता उखडला की हमखास ऐकू येतं: "काय करणार, कायद्यानं सर्वात स्वस्त ठेकेदारालाच काम द्यावं लागतं." हे अर्धसत्य आहे.

सरकारी कामांच्या निविदा दोन लिफाफा पद्धतीने मागवल्या, म्हणजे पात्रतेची कागदपत्रं एका लिफाफ्यात आणि दर दुसऱ्यात, तर आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. पूर्वीची तशी कामं, उलाढाल, यंत्रसामग्री तपासली जाते. यात जो अपात्र ठरतो त्याचा दराचा लिफाफा उघडतच नाही, मग तो कितीही स्वस्त असो. म्हणजे तुलना होते ती पात्र ठेकेदारांमध्येच. त्यातही दर अंदाजपत्रकापेक्षा फारच 'बिलो' (कमी) असेल, तर दरांचं पृथक्करण, म्हणजे तो दर कसा काढला याचा तपशील, मागता येतं आणि अतिरिक्त सुरक्षा ठेव घेता येते. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने तर ऑक्टोबर २०२१ मध्ये, गुणवत्ताप्रधान म्हणून जाहीर केलेल्या बांधकामांत ठेकेदार निवडताना गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक (वजन) द्यायची मुभा दिली.

खरी गफलत बहुतेकदा पुढे होते, देखरेखीत आणि दोषदायित्व कालावधीत. या काळात निकृष्ट कामाची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. माझ्या मते नागरिकांनी दराआधी हा कालावधी कधी संपतो ते विचारावं. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २(ञ) नुसार कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात.