ग्रीन बे पॅकर्स : सुरुवातीचा काळ (१९१९–३५)

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे शहराचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ. १९२० मध्ये शहराची वस्ती जेमतेम ३१ हजार होती. लीगमधले त्या काळातले बहुतेक छोट्या शहरांचे संघ बंद पडले किंवा मोठ्या शहरांत गेले; हा मात्र जागचा हलला नाही. त्याचे कारण मैदानावर कमी आणि हिशेबाच्या वहीत जास्त सापडते.

११ ऑगस्ट १९१९ रोजी ‘ग्रीन बे प्रेस-गॅझेट’ या दैनिकाच्या संपादकीय खोलीत अर्ल ‘कर्ली’ लॅम्बो आणि पत्रकार जॉर्ज कॅल्हून यांनी संघ उभा केला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात कारकून होता. गणवेश आणि साहित्यासाठी कंपनीने ५०० डॉलर दिले, सरावाला जागाही दिली. ‘पॅकर्स’ हे नाव तिथलेच.

पहिल्या हंगामात ११ पैकी १० सामने जिंकले. बेलॉइटविरुद्धचा एकच ०–६ असा गेला. हेगमायस्टर पार्कला तेव्हा ना कुंपण होते ना बाके. दोराच्या पलीकडे उभे राहून लोक खेळ पाहत आणि चेंडू सरकेल तसे कडेने चालत जात. मध्यंतरात खेळाडू मैदानाच्या एका टोकाला बसले की प्रेक्षक त्यांच्याभोवती कडे करून डावपेचांच्या चर्चेत सामील होत. तिकीट नसल्याने गर्दीतून टोपी फिरवायची. हंगामाअखेर प्रत्येकाच्या वाट्याला १६.७५ डॉलर आले. पुढच्या वर्षी कुंपण आणि बाके झाली आणि प्रवेशाचे पैसे रीतसर घेता येऊ लागले.

२७ ऑगस्ट १९२१ रोजी संघाला व्यावसायिक लीगमध्ये (१९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग) जागा मिळाली. फ्रँचायझी अ‍ॅक्मे पॅकिंगच्या क्लेअर बंधूंच्या नावे होती. मूळची इंडियन पॅकिंग कंपनी तोवर अ‍ॅक्मेने घेतली होती. हंगामाच्या शेवटी कॉलेजचे खेळाडू खोट्या नावांनी खेळवल्याचे उघड झाले आणि जानेवारी १९२२ मध्ये फ्रँचायझी गेली. काही महिन्यांत नियम पाळण्याचे वचन देऊन लॅम्बोने ती परत मिळवली.

त्या वर्षी पावसाने गल्ला बुडवला. एका सामन्यासाठी पावसाचा विमा उतरवलेला होता. पाऊस पडलाही, पण ठरलेल्या मापाला इंचाचा एक शतांश कमी. विमा कंपनीने पैसे दिले नाहीत. हंगामाच्या शेवटाकडे डुलुथच्या संघाविरुद्धच्या सामन्यालाही पाऊसच. सामना रद्द केला तर पत जाणार, खेळला तर खर्च अंगावर. प्रेस-गॅझेटचे व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल यांनी खेळायलाच लावले आणि व्यापाऱ्यांना पाठीशी उभे करण्याचा शब्द दिला.

त्यातून १८ ऑगस्ट १९२३ रोजी ग्रीन बे फुटबॉल कॉर्पोरेशन नोंदवले गेले. ५ डॉलरचा एक असे १,००० शेअर विकले. शेअर घेणाऱ्याने हंगामाची किमान सहा तिकिटेही घ्यायची अशी अट होती. खरी हुशारी या अटीत होती, कारण भांडवलाबरोबर गिऱ्हाईकही बांधले गेले. संघ कधी विकला गेलाच, तर खर्च वजा जाता उरलेले पैसे माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजनच्या स्थानिक शाखेला, सैनिकांच्या स्मारकासाठी द्यायचे होते. म्हणजे विकून कोणा शेअरधारकाचा फायदा नव्हता. टर्नबुल पहिले अध्यक्ष झाले.

१९२५ मध्ये सिटी स्टेडियम उभे राहिले. १९२९ मध्ये कॅल हबर्ड, माइक मिखाल्स्की आणि जॉनी ‘ब्लड’ मॅकनॅली हे तिघे आले आणि संघ १२ विजय, एक बरोबरी असा अपराजित राहिला. अंतिम सामन्याची पद्धत तेव्हा नव्हती; गुणतक्त्यातला पहिला तोच विजेता. १९३० आणि १९३१ चे विजेतेपदही ग्रीन बेलाच मिळाले.

विमा मात्र या संघाला कधी लाभला नाही. स्टेडियमच्या बाकांवरून पडलेल्या एका प्रेक्षकाने दावा लावून ५,००० डॉलर भरपाई मिळवली. संघाची विमा कंपनी तोवर बुडाली होती. मंदीत आधीच ओढाताण, त्यात हा बोजा; १९३३ मध्ये कारभार न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे, म्हणजे अडचणीतल्या संस्थेचा हिशेब सांभाळणाऱ्या प्रशासकाकडे गेला. गावातून १५,००० डॉलर गोळा झाल्यावर १९३५ मध्ये ‘ग्रीन बे पॅकर्स इन्कॉर्पोरेटेड’ या नावाने नवी संस्था उभी राहिली. तिच्या शेअरवरही लाभांश नाही.