तळघरात प्रयोगशाळा, वर व्याख्यान, हातात पुस्तक

संशोधन प्रयोगशाळेच्या आवारात विज्ञानाच्या पुस्तकांची जत्रा भरते. लेखक येऊन बोलतात, श्रोते पुस्तक पुढे करून सही घेतात आणि बाहेर पडता पडता एखाद्या यंत्रासमोर रेंगाळतात. अनेकांना हा अलीकडचा उपक्रम वाटतो. पण मोजमाप, छपाई आणि भाषण ही तिन्ही कामे फार पूर्वी शेजारी शेजारीच चालत. मधल्या काळात त्यांची ताटातूट झाली, म्हणून त्यांचे एकत्र येणे आज नवे वाटते.

टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने १५७६ मध्ये ह्वेन बेटावर उरानिबोर्ग ही वेधशाळा बांधायला घेतली. पुढे तिथेच त्याने स्वतःचा छापखाना घातला आणि कागदाची वाण पडू लागली तेव्हा बेटावर कागदाची गिरणीही उभी केली. रात्री ताऱ्यांचे वेध घेणारे, दिवसा छपाईचे खिळे जुळवणारे आणि कागद बनवणारे असे सगळे एकाच बेटावर नांदत होते. १५९७ मध्ये त्याला बेट सोडावे लागले, तेव्हा त्याने उपकरणांबरोबर छापखानाही हलवला.

त्या काळी पुस्तकांची मोठी जत्रा फ्रँकफुर्टला भरे, वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. पुस्तके बांधलेली नसत. छापील फर्मे, म्हणजे न शिवलेले ताव, पिंपांत भरून जत्रेत येत आणि बांधणी ज्याची त्याने आपल्या गावी करून घ्यायची. १५६४ पासून गेओर्ग विलर या ग्रंथविक्रेत्याने जत्रेतल्या नव्या पुस्तकांची यादी छापायला सुरुवात केली. नवे काय निघाले हे युरोपभरच्या विद्वानांना अशा याद्यांतून कळू लागले.

या जत्रेशी खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरची एक गोष्ट जोडलेली आहे. ब्राहेच्या वेधांवर आधारलेल्या ग्रहस्थितीच्या सारण्या, म्हणजे रुडॉल्फाइन सारण्या, तो लिंझमध्ये छापून घेत होता. १६२६ च्या शेतकरी उठावात तिथला छापखाना जळाला. केप्लर उल्मला गेला, तिथे नव्याने छपाई सुरू केली, १६२७ मध्ये हजार प्रती काढल्या आणि त्या घेऊन स्वतः फ्रँकफुर्टच्या जत्रेला गेला. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे ज्याने शोधले, तोच माणूस आपल्या फर्म्यांसह ग्रंथविक्रेत्यांच्या गर्दीत उभा होता. लेखकाने जत्रेत हजर राहण्याची प्रथा शोधायला याहून मागे जायची मला गरज वाटत नाही.

विज्ञानाचे पुस्तक खपवणे मात्र तेव्हाही अवघडच होते. लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेने १६८६ मध्ये माशांवरचा एक भव्य सचित्र ग्रंथ काढला. तो पडून राहिला आणि संस्थेची तिजोरी रिकामी झाली. पुढच्या वर्षी न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ छापायची वेळ आली तेव्हा खर्च खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी पदरचा केला. हॅली यांच्या पगाराची बाकी संस्थेने त्याच न खपलेल्या मत्स्यग्रंथाच्या प्रती देऊन भागवली.

आजच्या मेळाव्याचे खरे घराणे सुरू होते ते १७९९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशनपासून. इमारतीच्या तळघरात प्रयोगशाळा आणि वर व्याख्यानगृह. खाली जे सापडले ते वर लोकांसमोर करून दाखवायचे. १८०१ पासून रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही तिथे रसायनशास्त्रावर बोलू लागले आणि सभागृह ओसंडून वाहू लागले.

त्या श्रोत्यांत जेन मार्सेट होत्या. झपाट्याने होणाऱ्या त्या प्रयोगांमागचे सूत्र आपल्या हाती लागत नाही, अशी त्यांची अडचण. मग एका मित्राशी त्याच विषयावर निवांत गप्पा झाल्या आणि पुढची व्याख्याने उलगडू लागली. हा अनुभव त्यांनी १८०६ मध्ये निघालेल्या आपल्या ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’च्या प्रस्तावनेत प्रामाणिकपणे सांगितला आहे. पुस्तकावर सुरुवातीला त्यांचे नाव नव्हते. त्यात एक शिक्षिका आणि दोन विद्यार्थिनी बोलतात, अडतात, शंका विचारतात. प्रयोगशाळेतल्या भाषणातून पुस्तक जन्मले, पण ते मधल्या गप्पांच्या वाटेने. लेखकाच्या भाषणानंतर प्रश्नोत्तरांना भरपूर वेळ का ठेवायचा, याचे इतके चांगले कारण मला दुसरीकडे सापडलेले नाही.

हेच पुस्तक एका बांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मुलाच्या हाती पडले. मायकेल फॅरेडे दिवसभर फर्मे शिवायचा आणि हाताखालून जाणारी पुस्तके वाचायचा. मार्सेटबाईंनी लिहिलेले खरे आहे का, हे तो परवडतील तेवढे प्रयोग करून पडताळून पाहायचा. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. सज्जात, घड्याळाच्या वरच्या जागी बसून त्याने चार व्याख्याने ऐकली आणि टिपणे घेतली. घरी येऊन ती सुवाच्य उतरवली, उपकरणांच्या आकृत्या काढल्या आणि आपल्याच हाताने त्यांची बांधणी केली. वर्षअखेरीस ती बांधीव वही त्याने डेव्हींकडे पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो त्याच इमारतीच्या तळघरात साहाय्यक म्हणून रुजू झाला. श्रोत्याने भाषणाचे पुस्तक केले आणि त्या पुस्तकाने त्याला प्रयोगशाळेत नेले! ही वही संस्थेने आजही जपून ठेवली आहे.

रुजू झाल्यावर काही महिन्यांतच फॅरेडेने एका मित्राला लांबलचक पत्रे लिहिली, व्याख्यान कसे असावे यावर. सभागृहात हवा कशी खेळावी, वक्त्याने उभे कसे राहावे, तासाभराहून जास्त का बोलू नये, सगळे त्यात आहे. पुढे शुक्रवारच्या सायंव्याख्यानांमागे तोच होता. मुलांसाठी नाताळच्या सुट्टीतली व्याख्याने १८२५ मध्ये सुरू झाली आणि १८२७ ते १८६० या काळात त्याने त्यांच्या एकोणीस मालिका दिल्या. १८६०-६१ च्या हिवाळ्यात मेणबत्तीवर दिलेली सहा व्याख्याने लघुलिपीत उतरवून घेतली गेली. विल्यम क्रुक्स यांनी त्यांचे संपादन केले आणि १८६१ मध्ये पुस्तक निघाले. त्यातला एक प्रयोग असा: मेणबत्ती हळूच विझवायची आणि वातीतून धुराची रेघ निघत असताना जळती काडी वातीपासून दोन-तीन इंच दूर, त्या धुरात धरायची. ज्योत धुरावरून धावत खाली येते आणि वात पुन्हा पेटते. जळते ती मेणाची वाफ, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. पुस्तक वाचणाऱ्यालाही ते घरी करून पाहता येते.

त्यानंतर विज्ञान वाढले, विषयांचे तुकडे पडले, यंत्रे अवाढव्य झाली आणि प्रयोगशाळेला कुंपण आले. सर्वांत उंच कुंपण युद्धाचे. एप्रिल १९४३ मध्ये लॉस अलामोस या अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या गुप्त प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या शास्त्रज्ञांसमोर भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट सर्बर यांनी बॉम्बवर पाच व्याख्याने दिली. एडवर्ड कॉन्डन यांनी त्यांची टिपणे काढली. वक्ता, श्रोते, टिपणे, सगळे फॅरेडेच्या वहीसारखेच. पण या टिपणांवर गुप्ततेचा शिक्का होता आणि तो १९६५ मध्ये उठला. पुस्तक म्हणून ती दुकानात आली १९९२ मध्ये.

युद्धानंतर सर्न या युरोपीय प्रयोगशाळेचा करार १९५३ मध्ये झाला, तेव्हा त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या गेल्या. लष्करी गरजांच्या कामाशी संस्थेचा संबंध राहणार नाही आणि प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले जातील. दार किलकिले झाले. १९८० मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेचे संचालक लिओन लेडरमन यांनी शाळकरी मुलांसाठी शनिवार सकाळचे भौतिकशास्त्राचे वर्ग सुरू केले.

तरी लोकांसाठी लिहिणारा शास्त्रज्ञ आपल्या लोकांत थोडा कमीच लेखला जाई. लोकांसाठी लिहिणारे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना १९९२ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने सदस्यत्व नाकारले. दोनच वर्षांनी त्याच अकादमीने त्यांना लोककल्याणाचे पदक दिले. नाकारण्यामागे त्यांची लोकप्रियता होती, असे अनेकांचे मत आहे आणि मलाही तसेच वाटते. ब्रिटनमध्ये वारे थोडे आधी फिरले होते. लोकांशी बोलणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्यच आहे, असे रॉयल सोसायटीच्या १९८५ च्या अहवालाने म्हटले. १९८८ मध्ये विज्ञानग्रंथांसाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू झाले आणि त्याच वर्षी स्टीफन हॉकिंग यांचे काळाच्या इतिहासावरचे, एकच समीकरण असलेले पुस्तक घरोघर पोचले.

पुस्तक कुठेही विकत घेता येते, लेखक कुठल्याही सभागृहात बोलू शकतो. प्रयोगशाळेतल्या जत्रेत वेगळे काय, तर ज्यांच्या कामावर ती पुस्तके लिहिली गेली ते लोक तिथेच असतात. लेखकाला एखादी मुलगी विचारते, ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ लेखक क्षणभर थांबतो, मागच्या रांगेकडे पाहतो आणि ज्याने ते मोजले त्याला पुढे बोलावतो.