शिकाऊ उमेदवाराचे सरकारी पैसे का अडकतात? करारापूर्वी एवढे तपासा

शिकाऊ उमेदवार घेणाऱ्या आमच्या ग्राहकांचा महिनाअखेरीचा फोन ठरलेला असतो. "आम्ही आमचा वाटा दिला, मग सरकारचे पैसे मुलाच्या खात्यात का आले नाहीत?" शोध घेतला की बहुतेक वेळा कारण एकच निघते, म्हणून ते सविस्तर सांगतो.

योजना तुम्हाला माहीत आहेच. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये देते. पूर्वी पूर्ण विद्यावेतन मालक द्यायचे आणि सरकारी वाटा मागून परत घ्यायचे. २०२३ मध्ये ती पद्धत बदलली आणि हा वाटा डीबीटीने, म्हणजे थेट लाभ हस्तांतरणाने, उमेदवाराच्या खात्यात जाऊ लागला. त्यामुळे तो तुमच्या खात्यावर येण्याची वाट पाहू नका.

आता मूळ अडचण. उमेदवार सांगतो, "माझे आधार बँकेला लिंक आहे." तो खोटे बोलत नसतो. खाते उघडताना केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) त्याने आधार दिलेले असते. पण केवायसीला आधार देणे वेगळे आणि डीबीटीसाठी खाते आधारशी जोडणे, म्हणजे 'सीडिंग', वेगळे. डीबीटीचे पैसे खाते क्रमांक पाहून जात नाहीत. एनपीसीआय या बँकांमधील पैशांची देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत त्या आधारसमोर ज्या बँकेचे नाव असेल, तिकडे जातात. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते आणि सगळ्यात शेवटी जोडलेली बँक आधीच्या बँकेची जागा घेते. कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी एक खाते, पुढे मोबाइलवर घाईत उघडलेले दुसरे, असे असले की तुम्ही पासबुकाची झेरॉक्स एका बँकेची देता आणि पैसे दुसरीकडे जातात. त्या खात्याकडे मुलाने कित्येक महिने पाहिलेलेही नसते. नोंदच नसेल किंवा निष्क्रिय असेल, तर पैसे कुठेच जमा होत नाहीत.

तपासायला दोन मिनिटे लागतात. उमेदवाराने माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडावे. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, त्यामुळे तो नंबर चालू हवा. पडद्यावर बँकेचे नाव, स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख दिसते. खाते क्रमांक दिसत नाही. एकाच बँकेत दोन खाती असतील, तर डीबीटी कोणत्या खात्यात येईल हे शाखेतच विचारावे लागते. नोंद चुकीची किंवा निष्क्रिय असेल, तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्यायचा. "लिंक करून द्या" एवढेच म्हटले, तर काउंटरवर पुन्हा केवायसीच होण्याची शक्यता असते. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग" असे स्पष्ट म्हणा.

हा पडदा पाहिल्याशिवाय आम्ही उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर चढवत नाही. काहींना ही अडवणूक वाटते. "करार आज करा, बँकेचे पुढे बघू," असा आग्रह होतो. पण पहिल्याच महिन्याचे पैसे अडकले की नव्याने शिकायला आलेल्या मुलाचा विश्वास तुमच्यावरूनच उडतो, सरकारवरून नाही. घरून येण्याजाण्याचा खर्च भागवणाऱ्या मुलासाठी १,५०० रुपये ही किरकोळ रक्कम नाही. मागाहून बँकेच्या चकरा मारण्यासाठी त्याला कामावरून सोडावे लागते, ते निराळेच. ही तपासणी आमच्या नोंदणी शुल्कातच धरलेली आहे. उमेदवाराकडून आम्ही कसलेही पैसे घेत नाही आणि तुम्हीही घेऊ देऊ नका.

मागच्या तारखेचा करार आम्ही करत नाही. मुलाला कामावर बसवण्याआधी कळवा. आधार, गुणपत्रक आणि पासबुक यांवरचे नाव सारखे आहे का, तेही बघा.

एकूण मनुष्यबळ, कंत्राटी कामगार धरून, ३० किंवा अधिक असेल, तर २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ४ ते २९ असेल, तर ते ऐच्छिक आहे. तुमच्याकडे किती जागा बसतात, याचा हिशेब आम्ही विनामूल्य करून देतो. दरमहा हजेरी आणि विद्यावेतनाच्या नोंदी पोर्टलवर भरण्याचे कामही आम्ही घेतो. त्यासाठी महिना संपताच हजेरीपत्रक आणि तुमचा वाटा बँकेतून दिल्याचा पुरावा पाठवा. रोखीने दिलेल्या रकमेचा पुरावा उभा करणे अवघड जाते.

नव्या उमेदवाराला आमच्याकडे पाठवताना आधारला जोडलेला मोबाइल त्याच्यासोबत असू द्या.